सिंगापूरच्या तोफांची तोंडं खरंच चुकीच्या दिशेला होती का?

मूळ मुद्दा
१९४२ मध्ये ब्रिटिशांचं सिंगापूर जपान्यांपुढे का पडलं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: तोफा समुद्राकडे रोखलेल्या आणि जपानी आले मागून, जमिनीवरून. मला हे पटत नाही. सिंगापूरच्या पूर्व टोकाला असलेल्या चांगीची जोहोर बॅटरी, म्हणजे तोफखान्याचा अड्डा, पाहा. १५ इंची तीन तोफा. शेजारच्या जोहोर संस्थानाच्या सुलतानाने पाच लाख पौंड दिले, म्हणून हे नाव. त्यांतल्या दोन तोफा जमिनीकडे वळत होत्या आणि फेब्रुवारीत त्यांनी तसा मारा केलाही. अडचण गोळ्यांची होती. बहुतेक गोळे चिलखतभेदी, म्हणजे युद्धनौकेचं पोलाद भेदून आत फुटणारे. जमिनीवर पडले की ते खोल रुतायचे आणि पायदळाचं फारसं काही बिघडायचं नाही.

प्रतिसाद १
मग गोळे चिलखतभेदीच का साठवले? शत्रू जहाजांतूनच येणार, हे धरून चालले म्हणून ना! तोफ वळली तरी ती बांधणाऱ्यांचं डोकं समुद्राकडेच होतं. शिवाय सिंगापूरच्याच बुओना व्हिस्टा या दुसऱ्या बॅटरीच्या दोन १५ इंची तोफा तुम्ही सोयीने गाळल्यात. त्या जमिनीकडे वळतच नव्हत्या.

मूळ लेखक
बुओना व्हिस्टा राहून गेली, चूक मान्य. पण किनाऱ्यावरची तोफ नौदलाच्या तळापासून जहाजं लांब ठेवायलाच असते, आणि ते तिने केलं. जपान्यांना डिसेंबर १९४१ मध्ये पार उत्तरेला कोटा बारू, सिंगोरा, पटानी इथे उतरून सगळा मलाया द्वीपकल्प तुडवत यावं लागलं. ८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांनी जोहोर आणि सिंगापूरमधली सामुद्रधुनी ओलांडली ती वायव्येला, चांगीच्या अगदी दुसऱ्या टोकाला.

प्रतिसाद २
दोघंही तोफांतच अडकलात. १० डिसेंबरला 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. त्यानंतर आरमार नाही, पुरेशी विमानं नाहीत. पाच तोफांनी काय करायचं होतं? खापर तोफांवर फोडलं की लंडनमधले निर्णय घेणारे सुटतात. त्या शरणागतीत आपले हजारो भारतीय सैनिक कैदी झाले, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

प्रतिसाद १
लंडनचा दोष मान्यच. पण तोफांवर अमाप पैसा ओतून 'अभेद्य किल्ला' म्हणून मिरवलं तेही त्यांनीच. तोफा त्या चुकीतून वेगळ्या कशा काढता?

प्रतिसाद ३
जोहोर बॅटरीच्या तोफा शरणागतीपूर्वी ब्रिटिशांनी स्वतःच निकामी केल्या. जमिनीखालची दारूगोळ्याची कोठारं विस्मृतीत गेली, ती थेट १९९१ मध्ये पुन्हा सापडली. वर आता तोफेची प्रतिकृती आहे. माझ्या मते खरा पुरावा ती कोठारंच. तिथे कोणते गोळे ठेवले होते, यावरच तुमचा अर्धा वाद उभा आहे.