एडीएचडी कळणारा थेरपिस्ट कुणाच्या माहितीत आहे का?

रेडिंगहून

आपल्या ब्रिटनमधल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

गणपतीच्या जेवणाची यादी माझ्याकडे आहे, म्हणून मेल उघडला असेल तर माफ करा. विषय वेगळा आहे.

गेल्या वर्षी मुलाला एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो, ते) निदान झालं. त्याचा फॉर्म भरताना दर प्रश्नाला मनात येत होतं, अगं बाई, ही तर मी! वय 39. आजवर सगळ्यांनी वेंधळी म्हटलं, मीही म्हटलं.

मध्यंतरी एका थेरपिस्टकडे जात होते. दिवसभराचे विचार वहीत लिहून आणा, असा गृहपाठ असायचा. वही दोनदा हरवली. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, तुम्हाला बरं व्हायची इच्छाच दिसत नाही. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, त्यावर सल्ला मिळाला की त्यांना हॉटेलात राहायला सांगा. मी सोडलं.

भरवशाचं कुणी आहे का? मराठी बोलणारी असेल तर सोन्याहून पिवळं. पुण्यातली एक जण व्हिडिओवर भेटते, निम्म्याहून कमी पैशांत. चालेल का?

स्लाऊहून

आमच्या वेळी याला धांदरट म्हणायचे. दोन छड्या बसल्या की लक्ष जागेवर यायचं. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव. गैरसमज नसावा.

ता. क. जेवणाला आमची तीन पानं धरा.

लीड्सहून

काका, छड्या मलाही बसल्या, साताऱ्यात, हातावर आणि पाठीवर. लक्ष जागेवर आलं नाही, लपवायला मात्र शिकलो. 44व्या वर्षी निदान झालं.

ताई, निदान आणि थेरपी या दोन वेगळ्या रांगा आहेत, मी त्या एकच समजून वर्ष घालवलं. थेरपिस्ट निदान करत नाही. ते सायकिअ‍ॅट्रिस्ट करतो, किंवा त्याचं खास प्रशिक्षण घेतलेलं आरोग्य क्षेत्रातलं माणूस. 'राइट टू चूज' म्हणून एक सोय आहे: एनएचएसशी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेशी, करार असलेली संस्था आपण निवडायची, जीपीने (आपल्या नेहमीच्या डॉक्टरने) तिकडे पाठवायचं, पैसे एनएचएसचे. रांग तिथेही आहे. पण हा शब्द आपण उच्चारल्याशिवाय माझ्या जीपीकडे तरी कुणी काढला नाही. खाजगीत निदान करून घेणार असाल तर आधी जीपीला विचारा, नंतर औषधाची चिठ्ठी तुम्ही द्याल का? याला 'शेअर्ड केअर' म्हणतात, आणि ते नाकारू शकतात. मी न विचारता पैसे भरले आणि पुढे औषधंही खिशातून घेतली.

आता खरी गंमत. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसायला हवीत, म्हणून लहानपणाचा पुरावा मागतात. आईने माळ्यावरची ट्रंक काढून माझं चौथीचं प्रगतिपुस्तक शोधलं. शेरा: 'हुशार आहे, पण चंचल. वस्तू हरवतो.' भाषांतर मीच केलं, एकट्या 'चंचल'वर अर्धा तास गेला. मग आईशी फोन, डॉक्टरीणबाई विचारणार आणि मी दुभाषा. आईचा हेका एकच, "माझ्या लेकरात काही खोट नव्हती." सगळ्या प्रश्नांना नाही, नाही, नाही. निदान तिथेच अडलं.

पुढे मावशी बोलता बोलता म्हणाली, तू आठवड्यातून दोनदा दप्तर नाहीतर डबा विसरायचास, तुझी आई उन्हातून शाळेत चक्कर मारायची. आईला ते लक्षण वाटलंच नव्हतं, ते तिच्या रोजच्या कामातलं एक होतं! दुसऱ्या फोनला मी प्रश्न फिरवला: आई, माझ्यासाठी तुला रोज काय काय करावं लागायचं? मग ती थांबेचना. तुमच्या आईलाही असंच विचारा.

ग्लासगोहून

राइट टू चूज फक्त इंग्लंडात. स्कॉटलंडवाल्यांनी जीपीशी त्यावरून भांडू नये. मी भांडलोय.

लेस्टरहून

मी एनएचएसमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आधीच सांगते, मी तुम्हाला घेऊ शकणार नाही, मंडळातल्या कुणालाच नाही. कोजागरीला शेजारी बसून मसाला दूध प्यायचं आणि बुधवारी त्याच बाईसमोर घरातलं सगळं काढायचं, हे जमत नाही. मराठी बोलणारी हवी तर आपल्या मंडळात न येणारी शोधा.

या देशात थेरपिस्ट, काउन्सेलर, सायकोथेरपिस्ट, इतकंच काय नुसतं सायकॉलॉजिस्ट, अशी पाटी कुणीही लावू शकतं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' आणि 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' ही नावं कायद्याने राखलेली आहेत, एचसीपीसी या नोंदणी संस्थेच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतात. डॉक्टर असेल तर जीएमसी या डॉक्टरांच्या नोंदणी संस्थेची यादी. बाकीच्यांसाठी बीएसीपी किंवा यूकेसीपी या थेरपिस्टांच्या संघटनांच्या याद्या. त्या ऐच्छिक आहेत, पण किमान तक्रार ऐकून घेणारं कुणीतरी असतं. एडीएचडी कोच मंडळींची सरकारी यादीच नाही. त्यात चांगले लोक आहेत, नोकरी करणाऱ्यांना 'अ‍ॅक्सेस टू वर्क' या सरकारी योजनेतून त्यांचा खर्चही मिळू शकतो. पण सहा सत्रांत एडीएचडी घालवतो म्हणणारा भेटला तर पर्स सांभाळा.

पुण्याच्या बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतात त्यासाठी आरसीआय या सरकारी संस्थेची नोंदणी लागते, क्रमांक मागा. इथे राहणाऱ्या माणसाला घ्यायला त्यांच्या विम्याची हरकत नाही ना, तेही विचारा. आणि एखाद्या रात्री तुमचं फारच बिनसलं तर त्या इथे कुणाला कळवणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. (ऑक्टोबरअखेर आपलं घड्याळ बदललं की भारताशी फरक साडेचारचा साडेपाच तास होतो. माझ्या बहिणीची भेट दर वर्षी नेमकी त्या आठवड्यात चुकते.)

नोंदणी असली म्हणजे एडीएचडी कळतो असं नाही. प्रोफाइलवर 'न्यूरोडायव्हर्जंट' (एडीएचडी, ऑटिझम वगैरे असलेले) याला टिक मारायला काही लागत नाही. म्हणून पहिल्या फोनवर एक प्रश्न नक्की विचारा: मी गृहपाठ विसरले तर तुम्ही काय करता? ज्याला यातलं कळतं तो म्हणेल, मग गृहपाठ लहान करू, इथेच बसून करू, तुमच्या फोनवर आठवण लावू. तुमची तयारी दिसत नाही, असं उत्तर आलं तर फोन ठेवा. वही हरवते हे दाखवायलाच तर तुम्ही त्या बाईंकडे गेला होतात! एडीएचडीची किती मोठी माणसं सध्या येतात, सुपरव्हिजन, म्हणजे स्वतःच्या कामावर अनुभवी माणसाचं मार्गदर्शन, कुणाकडे घेता, हेही बेधडक विचारा. ऑटिझमचीही शंका असेल तर डोळ्यांत बघून बोलायचा सराव करून घेणारे टाळा. आपण आधीच आयुष्यभर तोच सराव केलेला असतो.

काका, राग मानू नका. कित्येक बायका माझ्याकडे येतात त्या आधी वर्षानुवर्षं चिंता नाहीतर नैराश्य म्हणून उपचार घेऊन. वेंधळी म्हणून हसण्यावारी नेण्यात फार वर्षं जातात.

पुन्हा रेडिंगहून

सगळ्यांचे आभार. तीन ठिकाणी फोन केले. गृहपाठाच्या प्रश्नावर एक जण गप्पच झाली. दुसरीने फीचं पत्रक पाठवलं. तिसरी एचसीपीसीच्या यादीत सापडली. मराठी नाही, तमिळ आहे. म्हणाली, गृहपाठ देतच नाही, शेवटची दहा मिनिटं आपण इथेच लिहू, आदल्या दिवशी आणि त्या सकाळी मेसेज येईल. सासूबाई सहा महिने राहतात म्हटल्यावर तिने एवढंच विचारलं, कुठल्या महिन्यांत? मंगळवारी पहिली भेट आहे. जीपीकडेही राइट टू चूजचा अर्ज दिला.

आईलाही विचारलं, माझ्यासाठी रोज काय काय करावं लागायचं. पाऊण तास बोलली. प्रगतिपुस्तकं वाळवीने खाल्ली, पण सहावीतल्या बाईंची चिठ्ठी तिने देवघराच्या खणात जपून ठेवली होती. फोटो पाठवलाय.

काका, तुमची पानं तीन की चार? यादीचा कागद सापडत नाहीये.