कादंबरीचा शेवट आशयसूत्रांवरून सांगताना : आपले अनुभव लिहा

माई, दर्यापूर : प्रेमचंदांच्या ‘गोदान’ची (१९३६) अखेरची प्रकरणे परीक्षेत थोडक्यात कशी लिहावीत, असे पुतणीने काल फोनवर विचारले आणि वसतिगृहात आम्ही मैत्रिणींनी याच प्रश्नावर घातलेला वाद आठवला. घटना ओळीने मांडल्या, की गरीब शेतकरी होरीची मुलगी रूपा हिचे लग्न, मुलगा गोबरचे शहराकडे जाणे, भाऊ हिराचे परतणे आणि होरीचा मृत्यू एवढेच हाती लागते. कर्ज हे सूत्र धरले, की जमीन वाचवण्यासाठी वयस्क रामसेवकाकडून २०० रुपये घेऊन त्याला रूपा देणारा होरी आणि पुढे ८ आणे रोजाने रस्त्यासाठी कंकर खोदताना उन्हाने कोसळणारा होरी यांतला संबंध उलगडतो. आपण असा सारांश कधी, कोणासाठी केला?

गुरुजी, आर्णी : माझ्या वर्गातील बहुतेक मुले कापूस पिकवणाऱ्या घरांतली असल्याने कर्ज समजावून सांगावे लागले नाही, मात्र होरीची मरजाद, म्हणजे घराण्याची अब्रू, सांगावी लागली. पैसे घेताना त्याचा हात थरथरतो आणि मान वर होत नाही, एवढे सारांशात राहिले तर बाकीचे बरेच गाळता येते, असे माझे ठाम मत आहे.

वाचक, वरूड : निंदणाहून आलेल्या आईला मी शेवट सांगितला, तेव्हा तिने आधी होरीला हव्या असलेल्या गाईचेच विचारले. रूपा सासरहून गोबरचा मुलगा मंगल याच्या दुधासाठी गाय पाठवते. ती पोहोचल्याचे मात्र प्रेमचंद सांगत नाहीत. होरीची बायको धनिया सुतळी विकून आलेले २० आणे त्याच्या थंड हातात ठेवते आणि समोरच्या दातादीन पुरोहिताला हेच यांचे गोदान, म्हणजे मरताना द्यायचे गाईचे दान, असे म्हणते. ते पैसे धनियाच्या कष्टाचे होते, असे आई म्हणाली, आणि तेव्हापासून मी सारांश तिथूनच सुरू करतो.

अंजनगावची लेक : माई, पुतणीची परीक्षा उत्तम जावो. आमच्याकडे झड लागली आहे, निंदण थांबले आहे, म्हणून लिहिते. डॉक्टर मालती आणि प्राध्यापक मेहता यांचा भाग शहरी समजून गाळतात, ते मला पटत नाही. मालती लग्नाऐवजी मैत्री निवडते; रूपा सासरी सुखी असली, तरी निवड तिला कोणी विचारलेलीच नाही.

गुरुजी, आर्णी : हे मान्य आहे, ताई. माई, पुतणीला मालतीसाठी एक परिच्छेद राखायला सांगा.