नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन: गेस्ट रीबूट करून भागत नाही

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणजे आभासी मशीनच्या आत आणखी एक आभासी मशीन चालवणं. त्यासाठी 'बायॉसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू केलं की आतल्या मशीनमध्येही केव्हीएम (लिनक्समधली आभासी मशीन चालवणारी यंत्रणा) चालतं' असं म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. त्यानं होस्टचं, म्हणजे खऱ्या संगणकाचं, काम भागतं. गेस्टच्या, म्हणजे होस्टवरच्या आभासी मशीनच्या, आत आणखी एक मशीन चालवायचं तर केव्हीएम_इंटेल मॉड्यूलचं (लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, जोडता-काढता येणारा भाग) नेस्टेड पॅरामीटर चालू लागतं. लिनक्स कर्नल ४.२० पासून इंटेलवर ते आपोआप चालू असतं, त्यामुळे नव्या डिस्ट्रोवर दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. एएमडी असेल तर मॉड्यूल केव्हीएम_एएमडी, आणि प्रोसेसरला ही सोय आहे हे दाखवणारा फ्लॅग व्हीएमएक्सऐवजी एसव्हीएम.

राजारामपुरीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी उबुंटूच्या गेस्टमध्ये केव्हीएमचा सराव लावायचा होता. नेस्टेड पॅरामीटर तपासलं की उत्तर 'वाय' (म्हणजे चालू) येत होतं, व्हर्ट-मॅनेजरमध्ये (आभासी मशीन सांभाळायचा प्रोग्रॅम) सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू (होस्टचा सीपीयू गेस्टला जसाच्या तसा दाखवणारा) केला होता, तरी गेस्टच्या सीपीयूइन्फोमध्ये (प्रोसेसरची माहिती देणारी फाइल) व्हीएमएक्सचा पत्ता नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण एवढंच की मी गेस्ट आतून रीबूट करत होतो. तसं केल्यानं होस्टवरची क्यूईएमयू (गेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) प्रोसेस तीच राहते आणि बदललेला सीपीयू तिला कळतच नाही. गेस्ट पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला आणि व्हीएमएक्स लगेच दिसला. मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते! तेव्हा कर्नल बदलायला घेण्याआधी एवढं नक्की करून बघा. आणि मॉड्यूल काढून परत लोड करायचं झालंच, तर सगळे गेस्ट आधी बंद करा, नाहीतर ते 'वापरात आहे' म्हणून निघणारच नाही.