आधी पाणी, मग वर्गणी

वसईतल्या जुन्या चर्चची फुगलेली, पडकी कुंपणभिंत दुरुस्त करायला घरटी वर्गणी काढावी आणि क्यूआर कोडवर पैसे घ्यावेत, ही सुचवलेली कल्पना चांगलीच आहे. पण त्यासोबतचा 'पडका भाग काढून सरळ आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) करा, स्वस्तात पडेल' हा सल्ला पटत नाही. चुन्यात बांधलेली दगडी भिंत श्वास घेते. तिला सिमेंटचा जोड किंवा गिलावा दिला की ओल आत अडकते आणि काही पावसाळ्यांत दगडच सुटू लागतात. भिंतीला फुगवटा बहुतेक वेळा मागच्या बाजूला साचणाऱ्या पाण्यामुळे येतो, म्हणून गटार आणि पाणी निघायची भोकं यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिला धरा. चुन्याचं काम येणारा गवंडी महाग पडेल, पडू दे.

चर्च किल्ल्यालगत असेल तर आणखी एक गोष्ट. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. पावत्या फाडण्याआधी हे तपासा.

परदेशातल्या नातेवाइकांच्या वर्गणीचं वेगळंच. कुवेतमधला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या बहिणीचे पैसे मात्र एफसीआरएत, म्हणजे परकीय देणग्यांवरच्या कायद्यात येतात, मग ती इथल्याच पापडीत वाढलेली का असेना. त्यासाठी ट्रस्टची वेगळी नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. क्यूआर कोड परदेशातल्या ग्रुपवर टाकायची घाई त्यामुळे नको. आणि तो कोड ट्रस्टच्याच खात्याचा हवा, कुणा उत्साही कार्यकर्त्याच्या नव्हे.