हिरड्यांचा आजार आणि आईचे विस्मरण यांचा संबंध कितपत?

प्रश्न (अंबाजोगाई)
माझी आई सत्तरीची असून तिला मधुमेह आहे आणि लग्नापासून ती मिसरी लावते. हिरड्यांतून पू येतो, खालचे दात हलतात आणि वर्षभरापासून ती तेच तेच विचारू लागली आहे. हिरड्यांतले जंतू मेंदूत जाऊन स्मृतिभ्रंश घडवतात, असे वाचल्यापासून धाकटा भाऊ सगळे दात काढायला सांगतो. आई मात्र कीटण काढले की दात आणखी ढिले होतात, असे म्हणून दवाखान्यातच येत नाही. यात तथ्य किती?

उत्तर (दंतवैद्य, लातूर)
भावाने वाचलेले निराधार नाही, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) झालेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ या हिरड्यांतील जंतूची विकरे (एन्झाइम) आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच विकरांना रोखणाऱ्या औषधाची पुढे ६४३ रुग्णांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा रुग्णांच्या स्मरणशक्तीची घसरण त्याने रोखलेली दिसली नाही. हिरड्यांतील जुनाट दाहाचा परिणाम रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचत असावा, हे मला अधिक संभवनीय वाटते. पण विस्मरण जडलेला माणूस दात घासायलाही विसरतो, त्यामुळे आधी काय बिघडले हे ठरवणे अवघड जाते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे आटोक्यात ठेवता येणारे १४ धोके नोंदवले, त्यांत मधुमेह आहे, कमी ऐकू येणे आहे, हिरड्यांचा आजार नाही.

तरीही उपचार हवेतच, तेही साखरेसाठी. मधुमेह्यांमध्ये हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची पातळी दाखवणारी तपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरते, हे चाचण्यांतून दिसले आहे. आईंची शंका मी रोज ऐकतो. दात हलतात ते खालचे हाड झिजल्यामुळे. कीटणाच्या थराने ते एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून थर निघाल्यावर आधीचीच हालचाल जाणवते. वाचण्याजोगे दात काढू नयेत, कारण कवळीची सवय होणे विसराळू माणसाला फार जड जाते.

उत्तर (परभणी)
माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. नुसते ‘दात घासा’ म्हटले की ते चिडतात. मी शेजारी उभी राहून स्वतः घासू लागले की माझे पाहून तेही घासतात. विस्मरण दिसताच फिजिशियनने प्रथम बी-१२ आणि थायरॉइड तपासायला लावले होते, कारण त्यांच्या कमतरतेने होणारे विस्मरण औषधाने सुधारू शकते. ती तपासणी दातांसाठी थांबवू नका.

प्रश्नकर्ता
तपासणी याच आठवड्यात करून घेतो. नंतर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेण्याचा विचार आहे. सोबत काय न्यावे?

उत्तर (दंतवैद्य, लातूर)
ताजा साखरेचा अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्या. रक्त पातळ करणारी गोळी असल्यास आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. सकाळचा नाश्ता आणि मधुमेहाची गोळी चुकवू नये. मिसरी किती वेळा लागते, हेही मोकळेपणाने सांगा. ती सुरू राहिली तर हिरड्या भरून यायला फार वेळ लागतो.