श्रमिक इतिहासाचे आपले सर: अनुभव लिहा

हजेरीपट
१८ जानेवारीला १९८२ च्या गिरणी संपावर दोन ओळींची बातमी वाचली आणि सरांचा फळा आठवला. डावीकडे साल, मध्ये मागणी, उजवीकडे ‘कोणत्या खात्याची?’ उजवा रकाना रिकामा असेल तर गाडी पुढे जायचीच नाही. सध्या तिसऱ्या वर्षाची मुलं हा पेपर घेऊ का म्हणून विचारताहेत, म्हणून धागा काढला. सर कसे शिकवतात, मार्क कुठे जातात, कुठे कमी पडतात, सगळं मोकळेपणानं लिहा. सरांचं नाव आणि कॉलेज लिहू नका.

सुरुवात मी करते. १९२८ चा मुंबईच्या गिरण्यांचा संप त्यांच्याइतका उलगडून शिकवणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. गाइडमध्ये ‘पगारकपातीविरुद्ध संप’ एवढंच असतं. सर आधी त्रासनखातं (कताई) आणि साचेखातं (विणकाम) वेगळं करतात. कताईत एका कामगाराकडे रिंग फ्रेमची एक बाजू असायची, आता त्यानं दोन्ही बाजू सांभाळायच्या. विणकराकडे दोन माग होते, तिथे तीन. कपात पगारात होतीच, पण त्याहून मोठी माणसांत होती. दोन बाजूंमध्ये फेऱ्या मारताना तुटलेला धागा वेळेवर सांधला गेला नाही की सूत वाया जातं आणि बोलणी कामगाराला बसतात. हे एकदा कळलं की एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने लोक का टिकले ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात, मे महिन्यात उभी राहिली. संपाआधी नव्हे. उत्तरपत्रिकेत हा क्रम उलटा झाला की दोन मार्क गेलेच.

चिंचपोकळी_स्लो
डोळे झाकून घ्या. नोट्स मिळणार नाहीत, स्लाइड नाहीत, वही मात्र भरते. ट्रेनमध्ये आहे, नंतर लिहितो.

रातपाळी
मार्क कुठे जातात ते सांगतो. खऱ्या पगाराची असाइनमेंट. त्यावर २० मार्क आहेत आणि निम्मा वर्ग तिथेच अडकतो.

मुंबईच्या लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ १९२१ पासूनचं आहे, त्यातला राहणीखर्चाचा निर्देशांक घ्यायचा. पाया जुलै १९१४ = १००. हातात आलेल्या पगाराला निर्देशांकानं भागून १०० नं गुणायचं. समजा पगार ३० रुपये आणि निर्देशांक १५०, तर तो पगार १९१४ च्या २० रुपयांएवढा. गणित सातवीचं आहे, चुका दुसरीकडे होतात:

एक, रोजाचा दर आणि महिन्याची कमाई एकाच तक्त्यात टाकतात. रोजाला हजेरीच्या दिवसांनी गुणल्याशिवाय तुलना होत नाही. दोन, विणकराला नगावर पगार आणि बाकी बऱ्याच खात्यांत रोजावर, तरी दोघांची सरासरी काढून मोकळे होतात. माग बंद पडला, सूत खराब आलं तर विणकराची कमाई घटते, रोजवाल्याची तशी घटत नाही. तीन, पुरुष-बायकांची एकत्र सरासरी. सर लाल पेनानं तिथे फक्त ‘कोणाचा?’ लिहितात.

शेवटचा_बाक
+१ रातपाळी. आणि गैरहजेरीचा तक्ता विसरलात. हजेरीपटावर कायम कामगार गैरहजर दिसतो, पण त्या दिवशी त्याच्या जागी बदलीवाला उभा असतो. म्हणजे माग चालूच आहे. मालक तोच आकडा ‘कामगार आळशी’ म्हणून कमिशनपुढे मांडतात. बदलीवाला पहिल्या भोंग्याला दारात उभा राहून, काम मिळालं नाही की घरी जातो, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. कामगारांच्या स्थितीवरच्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालातला उतारा देऊन सर विचारतात, हा आकडा कोणी दिला? या एका प्रश्नासाठी तरी हा पेपर घ्यावा असं माझं प्रामाणिक मत आहे.

सोलापूरची_चादर
सर उत्तम आहेत, पण त्यांचा महाराष्ट्र परळला सुरू होऊन लालबागला संपतो. सोलापूरची पहिली मोठी गिरणी १८७७ ची, नागपूरची एम्प्रेस मिलही १८७७ ची. वर्षभरात दोन्हींना मिळून एक तास. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर प्रश्न येतो, तेव्हा मुलं ‘मिठाच्या सत्याग्रहाचे पडसाद’ लिहून सुटतात. अहो, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चौघांतले कुर्बान हुसेन कामगारांत काम करणारे होते, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे. गिरणगाव सोलापुरातही होतं. ते शिकवायला हवं.

हजेरीपट
@सोलापूरची_चादर ताई, पटलं. पण प्रकल्पाला सोलापूर घेतलं तर सर खूश होतात हेही खरं. स्वतःहून संदर्भ काढून देतात.

सोलापूरची_चादर
प्रकल्पात ठीक आहे हो. अभ्यासक्रमात हवं.

मडगावकार
तीच तक्रार गोव्याकडून. बोटीवरचे खलाशी कामगार नव्हेत का? मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावाच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांच्या राहायच्या जागा, होत्या. एका बोटीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत गोंयकार खलाशी तिथेच राहायचा, पेटी ठेवायचा, गावची बातमी तिथेच कळायची. गिरणीवाल्यांच्या गाळ्यांवर आणि खानावळींवर सर तीन लेक्चर घेतात, त्याच्या शेजारी कूड ठेवली तर तुलना किती छान होईल.

चिंचपोकळी_स्लो
उतरलो. माझ्या मते सर्वांत चांगलं लेक्चर धोट्याचं. सर खरा धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारं साधन, वर्गात आणतात. गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना धातूची टोपी, पोटात सुताची कांडी बसायची खाच आणि बाजूला बारीक भोक. कांडी संपली की नवी घालायची आणि त्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घ्यायचा. धोटा सगळ्या वर्गात फिरतो, प्रत्येकजण ते भोक बघतो. मग सर सांगतात, याच तोंड लावण्याचं कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊ देत नव्हते. आणि जास्त पगार साचेखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हा प्रश्न धरला. जात आणि वर्ग यांवर कितीही वाचा, त्या भोकाएवढं स्पष्ट काही दिसत नाही.

पेपरात हे लिहिताना पुढचा धागा सोडू नका: १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष, आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा संप, ज्यात तो पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. ‘बाबासाहेब संपाच्या विरोधात होते’ असं एका वाक्यात उरकलं की सर पूर्ण प्रश्नाला शून्य देतात. बरोबरच करतात.

वाइंडिंग_खाता
बायकांचा भाग शेवटच्या आठवड्यात ढकलतात. ही चूक आहे आणि ती सरांना तोंडावर सांगायला हवी. वाइंडिंग-रीलिंगमध्ये (सूत गुंडाळायच्या खात्यात) बायका, त्यांच्यावर नाईकीण (मुकादमीण), नाईकिणीची दस्तुरी (लाच). १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा. गिरणी कामगारांच्या नेत्या पार्वतीबाई भोर. आणि खानावळवाल्या! संपात पगार थांबला की डब्याची उधारी त्यांच्या डोक्यावर, पण त्या कुठल्याच युनियनच्या सभासद नाहीत. प्रेमाताई पुरवांचं अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ मध्ये त्यातूनच उभं राहिलं. एवढं सगळं ४५ मिनिटांत?

शेवटचा_बाक
🙏 वाइंडिंग ताई, हे वेगळा धागा काढून लिहा ना.

वाइंडिंग_खाता
कुकर लावलाय, रात्री बघते.

रातपाळी
कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांवरचा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून लिहून ठेवतो. १८८४ ला सभा आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचं निवेदन. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मालकांच्या संघानं मान्य केली. कायद्यात आठवड्याची सुट्टी आली ती १८९१ च्या फॅक्टरी अॅक्टनं. मालकांनी मानलेलं आणि कायद्यानं दिलेलं यांची सरमिसळ केली की मार्क कापतात. १८८१ चा कायदा मुख्यतः मुलांपुरता, तोही १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना. १८९१ ला ती मर्यादा ५० वर आली.

लालबागची_पोर
मुलाखतीच्या प्रकल्पाबद्दल कोणी लिहिलं नाही? सरांची पद्धत आहे, ती पाळा. ‘संपाबद्दल सांगा’ असं पहिल्याच वाक्याला विचारायचं नाही. मग भाषण मिळतं, जे त्यांनी शंभरदा दिलेलं असतं. आधी खातं, पाळी, जॉबर (मुकादम) कोण, कोणाच्या ओळखीनं लागलात, खोलीत किती जण, खोराकीचे (जेवणाचे) किती. संप दुसऱ्या भेटीला. तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद असेल तर फोटो घ्या, पण घरच्यांना विचारून. साल तोंडी सांगितलेलं तसंच उतरवायचं आणि शेजारी कंसात कागदावरचं. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात १९७४ चा आणि १९८२ चा संप एकमेकांत मिसळतात. मध्येच टोकून दुरुस्त करू नका, बोलणं तुटतं.

८२ च्या संपाच्या उत्तरात नेहमीच्या चुका: ‘संप अमुक दिवशी मागे घेतला’. औपचारिकपणे मागे घेतलाच नाही कधी. ‘संपानं गिरण्या बंद पडल्या’ हे तर सरांसमोर म्हणूच नका. भिवंडीचे यंत्रमाग, मशिनरीत न घातलेला पैसा, १९८३ ला सरकारनं ताब्यात घेतलेल्या १३ गिरण्या, १९९१ चा गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचा ५८ नंबरचा नियम, एवढं मांडून मग निष्कर्ष काढा. आणि १९४६ चा बीआयआर (मुंबई औद्योगिक संबंध) कायदा आलाच पाहिजे. मान्यताप्राप्त युनियन एकच, वाटाघाटी तिनंच करायच्या. अडीच लाख कामगार संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे असले तरी कायद्याच्या टेबलावर त्यांना खुर्ची नाही. बोनस, पगार, बदलीवाल्यांना कायम करा, या मागण्यांच्या बरोबरीनं तो कायदा रद्द करा ही मागणी का होती, ते इथे कळतं.

मडगावकार
लालबाग ताई, हे सेव्ह केलं. भाचीला पाठवतो.

नवीन_मेंबर
मी तिसऱ्या वर्षाला. पुराभिलेखागारात जावं लागतं का? मोडी येत नाही.

रातपाळी
फोर्टला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, पेन्सिल न्या. या पेपरसाठी मोडी लागत नाही, फॅक्टरी कमिशनचे अहवाल इंग्रजीत आहेत. विषय, खातं आणि सालं आधी ठरवून जा, नाहीतर पहिला दिवस सूची चाळण्यातच जातो.

चिंचपोकळी_स्लो
आणि डबा घरून घेऊन जा, त्या भागात दुपारी जागा मिळत नाही बसायला.

नवीन_मेंबर
थँक्यू दादा. लेबर गॅझेटच्या १९२८ च्या अंकांचे फोटो कोणाकडे आहेत का? एप्रिल ते ऑक्टोबर हवेत.

शेवटचा_बाक
मे, जून आणि ऑगस्ट आहेत. जुलै अर्धाच आहे, तक्त्याचं पान सुटलंय. व्यक्तिगत निरोप करतो.