शब्दचर्चा : ‘सबक्युटेनियस एम्फिसीमा’ला मराठीत काय म्हणावं?

टीपकागद : रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. ‘सबक्युटेनियस एम्फिसीमा’पाशी गाडी अडली. ‘अधस्त्वचीय वातस्फीती’ असा प्रतिशब्द सापडला, पण ज्याच्या घरच्या माणसाचा चेहरा मानेपासून डोळ्यांपर्यंत फुगलाय त्याला यातून काय कळणार? सरळ ‘कातडीखालची सूज’ लिहू का?

जुनापाटा : ‘वातस्फीती’ चूक नाही. मूळ ग्रीक शब्दात फुंकून फुगवण्याचा अर्थ आहे आणि स्फीत म्हणजे फुगलेलं. पण ‘वात’ घोटाळा करतो. आपल्याकडे गुडघे धरले तरी वात, पोट गुबारलं तरी वात. वाचणारा थेट पथ्याकडे वळेल.

स्टेथो : ‘सूज’ तर अजिबात नको. सूज म्हटली की लोक शेकतात, नाहीतर मलम चोळतात. नेहमीच्या सुजेत पाणी साठतं, इथे त्वचेखालच्या थरांत हवा शिरलेली असते. पाण्याच्या सुजेवर बोट दाबलं की बऱ्याचदा खळगा राहतो. इथे बोटाखाली चुरचुरतं, बबल रॅप हलकेच दाबल्यासारखं. हाताला हे एकदा कळलं की एक्स-रे येण्याआधीच निदानाचा अंदाज येतो. दुखतं फारसं नाही, दिसतं मात्र भयंकर.

अक्षरवेल : पण हवा शिरते कुठून? त्वचा तर शाबूत असते ना?

स्टेथो : बहुतेक वेळा आतून. बरगडी मोडून तिचं टोक फुप्फुसात घुसतं. छातीत घातलेली नळी तुंबते किंवा सरकते. श्वासनलिकेला इजा होते. व्हेंटिलेटरच्या दाबाने किंवा दम्याच्या जोरदार झटक्यात फुप्फुसातले वायुकोश फुटतात, मग हवा रक्तवाहिन्यांच्या आवरणालगत सरकत दोन्ही फुप्फुसांमधल्या जागेत येते आणि तिथून मानेत चढते. हा मार्ग मॅकलिन पतिपत्नींनी १९४४ साली सविस्तर मांडला. जोराच्या ओकारीत अन्ननलिका फाटली तरी मानेत हवा दिसू शकते, आणि ते प्रकरण जिवावरचं असतं. दाताच्या कामात हवेवर चालणाऱ्या ड्रिलमुळेही गालात हवा शिरते. तेव्हा माणूस ‘औषधाची ॲलर्जी आली’ असं समजतो.

जुनापाटा : म्हणजे क्रियापद तुम्हीच दिलंत. ‘त्वचेखाली हवा शिरणे’. नामाचा हट्ट सोडला तर शब्द तयार आहे.

अक्षरवेल : की ‘वायू शिरणे’? जरा भारदस्त वाटतं.

स्टेथो : नको, ‘वायू’ राखून ठेवा. गॅस गँगरीनमध्येही बोटाखाली चुरचुरतं, पण तिथे हवा कुठून शिरलेली नसते. जखमेतले जंतूच वायू तयार करतात. वेदना प्रचंड, ताप, जखमेला दुर्गंधी. तिथे थांबून चालत नाही, मेलेला भाग ताबडतोब कापून काढावा लागतो. दोन्हींना एकच शब्द दिलात तर वाचणारा नको तिथे घाबरेल किंवा नको तिथे निर्धास्त राहील. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात सोडलेला कार्बन डायऑक्साइड कधी त्वचेखाली पसरतो, तो वायूच, पण लवकर विरघळून जातो.

टीपकागद : पटलं. उपचाराच्या भागात मी ‘हवा काढणे’ लिहिलं होतं.

स्टेथो : ते बदला. बहुतेकदा हवा काढत नाहीत, ती जिरते. गळती थांबली की काही दिवसांत रक्तात शोषली जाते. उपचार गळतीवर करायचा असतो : फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर छातीत नळी, आधीची नळी असेल तर ती नीट चालते का ते पाहणं, व्हेंटिलेटरचा दाब कमी करणं. ऑक्सिजन जास्त दिला तर हवा लवकर जिरते, कारण हवेतला ७८ टक्के भाग नायट्रोजनचा. श्वासातून तो कमी गेला की रक्तातलाही कमी होतो आणि थरांत अडकलेला नायट्रोजन रक्तात ओढला जातो. फुगवटा इतका वाढला की श्वास कोंडतो, तेव्हाच गळ्याच्या हाडाखाली लहान छेद देऊन वाट करून देतात. आवाज बदलला, गिळता येईना किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना गाठा, हे ठळक अक्षरांत टाका.

जुनापाटा : ‘हवा जिरते’ छान. पाणी जिरतं तशी.

टीपकागद : मग मथळा ‘त्वचेखाली हवा शिरणे’, आत एकदाच कंसात ‘वातस्फीती’. फुप्फुसाच्या त्या जुनाट आजारालाही एम्फिसीमाच म्हणतात, त्याचं काय?

स्टेथो : एक ओळ घाला की हा तो आजार नव्हे. त्यात वायुकोशांच्या भिंती कायमच्या नष्ट होतात, बरेचदा धूम्रपानाने. आणि केसपेपरवर ‘सर्जिकल एम्फिसीमा’ दिसला तर त्याचं ‘शस्त्रक्रियेमुळे’ असं करू नका. शस्त्रक्रिया झालेली नसली तरी डॉक्टर तसंच लिहितात.